लेक ग्रॅनाडात, घर सांगोल्यात

सप्टेंबर २०२३ मध्ये आमची थोरली लेक स्पेनमधल्या ग्रॅनाडा शहरात शिकायला गेली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर पाण्याच्या गुणवत्तेवरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिला करायचा होता. सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या मुलीनं पाणी हा विषय घ्यावा यात नवल नव्हतं. गावाला नवल वाटलं ते देशाचं. आमच्या नात्यात परदेशी गेलेली माणसं पुष्कळ आहेत. पण ती सौदीला, कुवेतला, दुबईला गेलेली, आणि सगळी कमवायला गेलेली पुरुष माणसं. मुलगी, एकटी, शिकायला, आणि तेही जिथली भाषा आपल्यापैकी कुणालाच येत नाही अशा देशात, हे पहिल्यांदाच घडत होतं.

मोहल्ल्यात तीन प्रश्न विचारले गेले. खाणार काय? नमाज कुठे पढणार? आणि लग्नाचं काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्यांवरच सोडून पहिल्या दोघांबद्दल लिहितो. गेल्या काही महिन्यांत तीन घरचे आई-बाप आमच्याकडे येऊन बसून गेले. त्यांना व्हिसा आणि फीबद्दल सांगत होतो, पण त्यांना ऐकायचं होतं दुसरंच काही. ती गोष्ट त्या वेळी धड सांगता आली नाही, म्हणून हा लेख.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो. पदवीची प्रमाणपत्रं, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला, विमा, अपोस्टीलचा शिक्का, मग अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, मग मुंबईचं वाणिज्य दूतावास. दरमहा ६०० युरो खर्चाची सोय आहे हे दाखवावं लागलं. या सगळ्याला आमचे पाच महिने गेले. तीन महिन्यांत होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. भाषेची तयारी मात्र तिनं दोन वर्षं आधीपासून केली होती. रोज पहाटे फज्रनंतर तासभर. तिथे वर्ग स्पॅनिशमध्येच चालतात, इंग्रजीच्या भरवशावर गेलेलं पोर पहिल्या आठवड्यात रडतं.

सामानात दादींनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, शेंगा चटणी आणि कडक भाकऱ्या भरल्या. त्यांना तळलेलं सुकं मटणही द्यायचं होतं. पण युरोपात बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. दादींना हे अखेरपर्यंत पटलं नाही. "खानेकी चीज पे क्या बंदी?" असं त्या विमानतळावर जाईपर्यंत म्हणत होत्या.

पहिला अडथळा आला तो नावाचा. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. लग्नानंतर बाई नवऱ्याचं आडनाव लावत नाही. फॉर्मवर दोन आडनावांच्या दोन चौकटी. आपल्या महाराष्ट्रात नाव, बापाचं नाव, आडनाव अशी रीत. पासपोर्टवर मुलीचं आणि बापाचं नाव एकत्र, तेव्हा तिथल्या कारकुनाला वाटलं ही मुलीचीच दोन नावं. तिकडे जोडनावं सर्रास असतात. महिनाभर कार्यालयात तिला बापाच्या नावानं हाक मारत होते. दुसऱ्या आडनावाची चौकट रिकामी पाहून एक बाई तिला हळूच म्हणाली, "आईचं लिहायला विसरलीस." त्याच फॉर्मवर आईचं नाव विचारणारी वेगळी ओळही होती. लेक म्हणाली, "अम्मी, आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर तुमचं नाव मी एवढ्या वेळा लिहिलं."

स्पेनमध्ये उतरल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी नगरपालिकेत पत्ता नोंदवावा, आणि पत्ता नोंदवायला आधी घर हवं. इथे ती अडकली. दोन ठिकाणी फोनवर खोली ठरली. बघायला गेली, मालकांनी डोक्यावरची ओढणी पाहिली आणि "आत्ताच दिली" म्हणाले. दोन्ही वेळा शब्दसुद्धा तेच. हे तिनं आम्हाला तेव्हा सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते बरंच नंतर.

तिसरी खोली मिळाली ती सैदीन नावाच्या कामकरी वस्तीत, सत्तरी ओलांडलेल्या एका विधवा बाईंच्या घरात. भाडं २८० युरो. बाईंनी ओढणीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला थंडी वाजते का? या घरात फार थंडी असते." बस, एवढीच मुलाखत.

आणि थंडी खरोखर फार होती. स्पेन म्हणजे ऊन, असं आम्ही चित्रात पाहिलेलं. ग्रॅनाडा समुद्रसपाटीपासून सातशे मीटर उंच आहे आणि मागे सिएरा नेवादाचे बर्फाचे डोंगर. हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याला टेकतो. फरशा संगमरवरी, घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. तिथल्या जुन्या घरांत एक गोल टेबल असतं, त्यावर जमिनीपर्यंत लोंबणारं जाड कापड आणि खाली शेगडी. पूर्वी निखारे असत, आता वीज. कापड मांडीवर ओढून सगळं घर त्या टेबलाभोवती बसतं. पाय भाजतात आणि पाठ गारठते. आमच्या लेकीचा अर्धा अभ्यास त्या टेबलाशी झाला आणि अर्ध्याहून जास्त स्पॅनिशही. कारण समोर बाई बसलेल्या असत आणि त्यांना गप्प बसता येत नसे.

वेळापत्रकाबद्दल आधी ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. दुपारी दोन ते पाच लहान दुकानं बंद. रविवारी तर गाव झोपलेलं. पहिल्या आठवड्यात ती एक वाजता भुकेली व्हायची आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बाई घड्याळाकडे बघायच्या. आम्हाला हे आळशीपणाचं लक्षण वाटलं. मग लेकीनं नमाजाचं वेळापत्रक पाठवलं आणि उलगडा झाला. तिथे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तोच सव्वादोनला, आणि हिवाळ्यात सव्वा वाजता. नकाशात स्पेन इंग्लंडच्या खाली आहे, पण १९४० पासून घड्याळ जर्मनीच्या वेळेवर लावलेलं. म्हणजे अडीचला जेवणारा माणूस सूर्याच्या हिशेबानं वेळेवरच जेवतो. जोहर झाली की जेवण, असं तिनं सूत्र केलं आणि तिची भूक आठवड्यात वळणावर आली. जूनमध्ये मगरिब पावणेदहाच्या सुमारास, ईशा मध्यरात्रीच्या जवळ. डिसेंबरात उलट, सूर्य उगवतो सव्वाआठला, त्यामुळे फज्रला उठणं सांगोल्यापेक्षा सोपं.

फोनची वेळ ठरली ती तिच्या दुपारच्या जेवणाची. आमचे तेव्हा संध्याकाळचे सहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सहाला फोन आला नाही. सव्वासहा, साडेसहा. मगरिब झाली. आम्ही लावला तर उचलेना. दादी जानमाजवरून उठल्याच नाहीत. बरोबर सातला फोन आला, हसत. रात्री त्यांनी घड्याळं एक तास मागे घेतली होती. ती तिच्या अडीचला जेवून, मोबाइल खोलीत ठेवून, निवांत आली होती. त्या एका तासात आम्ही काय काय कल्पना केल्या ते लिहीत नाही. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांना सांगायची गरज नाही.

आता खाणं. स्पेनमध्ये डुकराचं मांस हा पदार्थ नसून जणू मीठ आहे. मसूरच्या आमटीत त्याचा सॉसेज, वाटाण्यात त्याचे तुकडे, थंड टोमॅटो सूपवर त्याचा कीस, नाताळच्या बिस्किटांत त्याची चरबी. "मी मांस खात नाही" म्हटलं तर टुना मासा घातलेलं सॅलड येतं, आणि "डुक्कर खात नाही" म्हटलं तर काही भाबडे वाढपी म्हणतात, "हे डुक्कर नाही, हे हामोन आहे." हामोन म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी! ग्रॅनाडात पेयाबरोबर खाण्याची बशी फुकट देतात. मैत्रिणी खूश, आणि आमची लेक प्रत्येक बशीची उलटतपासणी घेणारी. पहिल्या महिन्यात तिनं अंडी, पाव, ऑलिव्ह आणि आमची शेंगा चटणी एवढ्यावर काढलं.

मग मोरोक्कन माणसाचं हलाल मटणाचं दुकान सापडलं. वाचायला लागणारे शब्द सापडले: डुक्कर, चरबी, जिलेटिन, वाईन. पाकिटाची मागची बाजू वाचणं ही सवयच झाली. घरमालकीण बाईंनी स्वतःहून तिच्यासाठी एक पातेलं वेगळं काढलं आणि त्यावर लाल दोरा बांधला. सोवळं-ओवळं पाळणारी आजी आपण गावात पाहिलेली असते. ही स्पॅनिश आजी आमच्या हलालचं सोवळं पाळत होती. एकदा तिनं वांग्याचे काप तळून त्यावर काळसर मध घातला. लेकीनं चाखलं आणि फोन लावला, "अम्मी, काकवी! वांग्यावर काकवी!" खरंच उसाचीच होती. ग्रॅनाडाच्या दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस पिकत होता, शेवटचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. सोलापूर जिल्ह्यातल्या पोरीला काकवी ओळखायला शिकवावं लागत नाही.

शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे आम्हाला शब्दांचा नाद. रोजच्या फोनमध्ये एक शब्द द्यायचा, असं आम्ही तिला बजावलं होतं. भाड्याला तिकडे आल्किलेर म्हणतात, ते अरबी अल्-किराअ, म्हणजे आपला उर्दूतला किराया. गृहपाठ म्हणजे तारेआ, हाही अरबी. साखर असूकार, संत्रं नारान्हा, वांगं बेरेन्हेना. हे तर आपल्याकडूनच फारसी-अरबीच्या खांद्यावर बसून गेलेले. आणि "असं होवो" या अर्थी सगळेच, चर्चला जाणारे आणि न जाणारेही, ओहाला म्हणतात. अल्लाहनं इच्छिलं तर, या अर्थाच्या अरबी शब्दांतून तो आला आहे. "उद्या पाऊस पडेल का?" "ओहाला!" दादींना हा शब्द फार आवडला. शहराचं नावच बघा, ग्रॅनाडा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब. रस्त्यावरच्या खांबांवर, पाट्यांवर डाळिंबं कोरलेली. सांगोल्याहून दुसरीकडे कुठे जायला हवं होतं तिनं?

तिच्या विषयाच्या वर्गात हे शब्द खरोखर कामाला आले. पहिल्या दिवशी प्राध्यापक भराभर बोलत होते. अंदालुसियातले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' खाऊन टाकतात, त्यामुळे दोन वर्षांची तयारी पाण्यात गेल्यासारखी वाटली. मग फळ्यावर चार शब्द आले: आसेकिया, नोरिया, आल्बेर्का, आल्हिबे. पाट, रहाट, तलाव, टाकं. चारही अरबी. आसेकियात तिला साकी दिसला आणि बाकीचं व्याख्यान धरता आलं. अल्बायसीन या जुन्या वस्तीत असली टाकी अजून उभी आहेत, पूर्वीच्या मशिदींजवळची.

शिक्षकांना मात्र एकेरी हाक मारायची, तीही नावानं, हे तिला महिना-दोन महिने जमलं नाही. ती त्यांना आदरार्थी बोलायची आणि ते दर वेळी विचारायचे, "मी एवढा म्हातारा दिसतो का?" आम्ही शिक्षक असल्यामुळे हे ऐकून आमच्याच पोटात गोळा यायचा.

एक चूक इथे कबूल करतो. आम्ही तिला रोज अल्हम्ब्राबद्दल विचारत होतो. अंदलूस म्हटलं की आपल्याकडे छाती भरून येते. इकबाल १९३३ मध्ये कुर्तुब्याला गेले आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' लिहिली, हे आम्ही मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. "बघितलंस का? कसं वाटलं?" आणि ती सांगायची की पाच दिवस कपडे वाळत नाहीत. आम्हाला राग यायचा. अल्हम्ब्राचं तिकीट आधी काढावं लागतं, तिला ते जमलं नोव्हेंबरात. कुर्तुब्याची मशीद आता कॅथेड्रल आहे, तिथे मुसलमानांना नमाज पढता येत नाही. ती खांबांमधून तासभर फिरली आणि बाहेर संत्र्यांच्या अंगणात बसून घरी फोन केला. आम्ही इतिहास बोलत होतो. ती म्हणाली, "अब्बा, मी आज सकाळपासून कुणाशी एक वाक्यही बोललेली नाही." आम्ही पुन्हा इतिहासच बोलत राहिलो.

डिसेंबरात ते उसळून आलं. नाताळची सुट्टी लागली, वर्गातली मुलं आपापल्या घरी गेली. घरमालकीण बाई मुलाकडे गेल्या. रस्त्यांवर दिवे, खिडक्यांत माणसं आणि सगळी दारं बंद. पंचवीस तारखेला तिनं फोन करून सांगितलं, "मला परत यायचंय." रडत नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली.

त्या रात्री आमच्या दोघांचं भांडण झालं. एकाचं म्हणणं, पोर बोलावते आहे, पैसे गेले तरी चालतील, तिकीट काढ. दुसऱ्याचं म्हणणं, आज आली तर आयुष्यभर अर्ध्यातून आलेली म्हणून राहील. मोहल्ला तिला आणि तिच्यामागच्या चार मुलींनाही विसरू देणार नाही. दोघांचंही खरं होतं. एक वाजेपर्यंत मोबाइलवर तिकिटांचे दर बघत बसलो होतो. आवाजानं दादी उठून आल्या.

दादींचं माहेर विजापूरकडचं. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा त्यांना दख्खनी आणि थोडं कानडी येत होतं, मराठीचा एक शब्द नाही. आमचं घर वाडीवर, शेजार सगळा मराठी. हे आम्हाला माहीत होतं, पण त्या दिवसांबद्दल त्यांना आम्ही कधी काही विचारलं नव्हतं. त्यांनी फोन लावायला सांगितला आणि नातीला म्हणाल्या, "एकच दुकान पकड बेटी. रोज वहींच जा. कुछ लेना हो, ना हो. रोज एकच बात ज्यादा बोल." त्यांनी पकडलं होतं वाण्याचं दुकान. पहिल्या दिवशी बोटानं गूळ दाखवला. दुसऱ्या दिवशी "गूळ" म्हणाल्या. पंधरवड्यानं "गूळ ओला आहे, कालचा चांगला होता" असं भांडण केलं, आणि त्या दिवसापासून आपण इथल्या झालो असं त्यांना वाटलं. लेक ऐकत राहिली. तिकिटाचं कुणी पुन्हा बोललं नाही. पण खरं सांगायचं तर आम्ही दर आठवड्याला दर बघत होतो.

सव्वीस तारखेपासून ती कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात जाऊ लागली. रोज एक पाव, रोज एक वाक्य जास्त. पाव भाजलेला हवा की कमी भाजलेला. आज थंडी आहे. माझी आजीही भाकरी करते, ज्वारीची. ज्वारी म्हणजे काय ते सांगायला तिला तीन दिवस लागले. दुकानदारीण सगळ्यांनाच "ईहा" म्हणायची, म्हणजे लेकी. २ जानेवारीला शहरात १४९२ च्या विजयाचा सोहळा असतो, झेंडे मिरवतात. त्या दिवशी ती बाहेर पडावं की नाही या विचारात होती. पाव आणायला गेली. दुकानदारीणीला मिरवणुकीपेक्षा गर्दीमुळे पिठाची गाडी अडकल्याची चिंता जास्त होती. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन आला आणि सलामही न करता ती म्हणाली, "आज तिनं मला विचारलं, नेहमीचंच ना?"

दादींना हे लगेच सांगता आलं नाही. कारण त्याच आठवड्यात त्या न्हाणीघरात पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं आणि दवाखान्यात होत्या. तिची परीक्षा चालू होती. आम्ही ठरवलं, सांगायचं नाही. दादी झोपल्यात, दादी फुफूकडे गेल्यात, असं तीन आठवडे चाललं. शेवटी कुणा भावंडानं दवाखान्यातला फोटो स्टेटसला लावला आणि तिला कळलं. दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "नोव्हेंबरात मला पाच दिवस ताप होता. बाईंनी आरोग्य केंद्रात नेलं. मी तुम्हाला सर्दी म्हणून सांगितलं." आणि खोलीच्या मालकांचं, "आत्ताच दिली"चं, तेही तेव्हाच सांगितलं. लपवण्यात दोन्ही घरं सारखीच निघाली. त्या दिवशी ठरलं, वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची, परीक्षा असो वा नसो. यामुळे आमची झोप वाढली असं नाही. पण तिनं "सगळं ठीक" म्हटलं की त्यावर विश्वास ठेवता येऊ लागला.

रमजान तिथे ११ मार्चला लागला, आपल्याकडे १२ ला. घरमालकीण बाईंचा पहिला प्रश्न, "पाणीसुद्धा नाही?" पहिले चार दिवस त्या तिच्यासमोर खात नव्हत्या, मग तिनंच समजावलं. ३१ मार्चला घड्याळ पुन्हा पुढे सरकलं आणि आदल्या दिवशी साडेसातनंतर होणारा इफ्तार एकदम साडेआठनंतर गेला. रोजा तेवढाच, पण ऑक्टोबरची आमची फजिती तिनं आठवण करून दिली. शनिवारी ती अल्बायसीनच्या मशिदीत जायची. जुलै २००३ मध्ये ही मशीद खुली झाली, शहरातली जवळपास पाचशे वर्षांतली पहिली. समोर दरीपलीकडे अल्हम्ब्रा. इफ्तारला मोरोक्कन, सेनेगाली, स्पॅनिश बाया. वाटी-वाटी हरीरा सूप आणि खजूर.

ईद १० एप्रिलला, बुधवारी. वर्गात तिचं सादरीकरण त्याच दिवशी होतं. इथे एक माहिती पालकांनी लक्षात ठेवावी. स्पेनमध्ये १९९२ चा २६ क्रमांकाचा कायदा आहे. त्यानुसार मुसलमान विद्यार्थ्यांना ईदच्या दिवशी आणि जुम्म्याच्या वेळेत वर्गातून सवलत मागता येते, मात्र ती मागावी लागते. तिनं पंधरा दिवस आधी लेखी विनंती केली. प्राध्यापकांना हा कायदा माहीत नव्हता. त्यांनी वाचला आणि सादरीकरण गुरुवारी ठेवलं.

शिरखुर्म्याला शेवया कुठल्या? तिथे सूपमध्ये घालायला फिदेओस नावाच्या बारीक शेवया मिळतात. तिनं त्या तुपाऐवजी लोण्यात परतल्या. जरा जाड झाल्या, म्हणाली. एक वाटी घरमालकीण बाईंना, एक पावाच्या दुकानात, दोन वर्गात. आपली ईद दुसऱ्या दिवशी होती; आम्ही चाँद बघत होतो तेव्हा तिची ईद अर्धी सरली होती.

जुलैत ती परत आली. येताना विद्यापीठाच्या मदरसा नावाच्या इमारतीचा फोटो आमच्यासाठी मोठा करून आणला. सुलतान युसुफ पहिला यानं १३४९ मध्ये बांधलेला मदरसा. आज तो विद्यापीठाकडे आहे. तो आम्ही शाळेत वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. ती अजून नऊच्या आधी जेवायला बसत नाही, आणि पाकिटांची मागची बाजू सांगोल्याच्या दुकानातही वाचते. पीएच.डी.साठी तिकडून विचारणा झाली आहे. आमचं अजून एकमत नाही, पण या वेळी तिकिटाचे दर ती स्वतः बघते आहे.

दादी आता काठी घेऊन चालतात. दर रविवारी आपल्या संध्याकाळी ग्रॅनाडाहून त्या बाईंचा व्हिडिओ फोन येतो, लेक असो वा नसो. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. दादी दख्खनीत बोलतात, त्या अंदालुसियाच्या स्पॅनिशमध्ये, आणि दोघी आपापलं पातेलं कॅमेऱ्यापुढे धरतात. गेल्या रविवारी इकडून ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. तिकडून वांगी आणि काकवी. तिकडच्या पातेल्याला अजून तो लाल दोरा बांधलेला होता.